मूळ थाळीफेकपटू संगमरवरी नव्हताच

कमरेत वाकलेला, उजव्या हातातली थाळी मागे नेऊन फेकीच्या तयारीत असलेला खेळाडू. प्राचीन ग्रीक कला म्हटले की हे शिल्प हमखास आठवते. त्याच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पक्के आहेत.

गैरसमज : संग्रहालयातला थाळीफेकपटू हे मूळ ग्रीक शिल्प आहे.
वस्तुस्थिती : ग्रीक शिल्पकार मायरनने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यास घडवलेला थाळीफेकपटू ब्राँझचा होता आणि तो आज अस्तित्वात नाही. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येते, त्यामुळे बहुतेक ग्रीक ब्राँझ शिल्पे कधीच भट्टीत गेली. आज दिसतात त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. त्यांतली एक 1781 मध्ये रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर सापडली.

गैरसमज : बाजूचा झाडाचा बुंधा मूळ रचनेतलाच आहे.
वस्तुस्थिती : ब्राँझची मूर्ती आतून पोकळ असते, म्हणून ती दोन पायांवर तोलून धरता येते. संगमरवर जड आणि ठिसूळ. सगळा भार घोट्यांवर आला तर दगड तिथेच तडकतो. म्हणून शिल्पकार पायाला लागून बुंधा कोरत. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसच्या भालाधारी खेळाडूची पाँपेईत सापडलेली प्रत नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या पायामागे बुंधा आहेच, शिवाय मनगट आणि मांडी यांच्यामध्ये दगडाची एक आडवी पट्टीही ठेवलेली दिसते. हे सगळे टेकू दगडासाठी आहेत.

गैरसमज : प्रत म्हणजे मुळाबरहुकूम नक्कल.
वस्तुस्थिती : काही कारागीर मूळ शिल्पांच्या प्लास्टरच्या साच्यांवरून मापे घेत. अशा प्लास्टरचे तुकडे इटलीतील बाया येथे सापडले आहेत. तरीही प्रतीप्रतींत फरक आहेत आणि पुढच्या काळातल्या डागडुजीने त्यांत भर घातली. ब्रिटिश म्युझियममधल्या थाळीफेकपटूचे डोके चुकीच्या दिशेला बसवलेले आहे. मूळ शिल्पातला खेळाडू मागे थाळीच्या हाताकडे वळून पाहत होता, हे दुसऱ्या शतकातील लेखक लुसियनच्या वर्णनावरून कळते.

गैरसमज : ही शिल्पे पहिल्यापासून एकरंगी होती.
वस्तुस्थिती : संगमरवरी मूर्तींचे केस, डोळे, ओठ रंगवले जात. जमिनीत शतकानुशतके राहून आणि नंतरच्या साफसफाईत तो रंग गेला. ब्राँझही एकरंगी नसे. रोममध्ये 1885 मध्ये सापडलेल्या, दमून बसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या ब्राँझ शिल्पात चेहऱ्यावरच्या जखमा आणि रक्ताचे थेंब तांबे जडवून दाखवले आहेत.

गैरसमज : प्रत म्हणजे दुय्यम माल.
वस्तुस्थिती : रोमन लोकांना या शिल्पांचा लळा होता. ग्रीक शिल्पकार लिसिपसने घडवलेला, अंगावरचे तेल-धूळ खरवडणारा खेळाडू स्नानगृहासमोर उभा होता. सम्राट टायबेरियसने तो आपल्या शयनगृहात हलवला, तेव्हा लोकांनी नाट्यगृहात आरडाओरडा करून तो परत मागितला आणि सम्राटाला तो परत करावा लागला, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. तो मूळ ब्राँझही आज नाही. त्याचा डौल आपल्याला कळतो तो 1849 मध्ये रोमच्या ट्रास्टेव्हेरे भागात सापडलेल्या आणि आता व्हॅटिकनमध्ये असलेल्या संगमरवरी प्रतीमुळे.

म्हणून संग्रहालयात अशी मूर्ती दिसली की शेजारची पाटी जरूर वाचा. मग मनातल्या मनात बुंधा आणि टेकू वगळून, ब्राँझची झळाळी देऊन तिच्याकडे पाहा. मायरन आणि लिसिपस यांची ही कामे आज आपल्याला ठाऊक आहेत, त्याचे मोठे श्रेय या प्रती कोरणाऱ्या अनामिक हातांचे आहे.