दलदल, बदकं आणि खिशातले डॉलर: अमेरिकेत स्वस्तात शिकारीचं सामान कसं निवडतात?

फीडमध्ये असं एखादं रील कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. अमेरिकेतली थंडी, नुकतं फटफटलेलं, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस आणि शेजारी काळं लॅब्राडोर. माणसाच्या अंगावर टोपीपासून बुटापर्यंत गवताच्या नक्षीचे कपडे, हातात चकचकीत सेमी-ऑटोमॅटिक बंदूक, मागे मोटरबोट. बदकं खाली येतात, दोन-तीन बार उडतात, रील संपतं. खाली कमेंटमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, या सगळ्याला खर्च किती येतो?

रीलमधल्या माणसाचा हिशेब केला तर बोट सोडूनही चार-पाच हजार डॉलर सहज होतात. पण अमेरिकेत बदकांच्या शिकारीला जाणारे सगळेच असे नसतात. कॉलेजातली मुलं, शेतकरी, ट्रक चालवणारे असे कितीतरी लोक यातल्या फार थोड्या गोष्टी घेऊन जातात. त्यांचं सगळं गणित उथळ पाण्यावर आणि कापणी झालेल्या शेतांवर चालतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे, मग ते नांदूरमध्यमेश्वर असो की गावाबाहेरचा पाझर तलाव. आपल्याकडचा इतिहासही काही फार अभिमानाचा नाही. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले होते. अमेरिकेत आज साधारणपणे एका माणसाला दिवसाला ६ बदकांची मर्यादा आहे, पश्चिम किनाऱ्याकडे ७. त्यातही कुठल्या जातीची किती, हे ठरलेलं असतं.

उथळ पाणी म्हणजे निम्मा खर्च वाचला

मोठ्या तलावावर किंवा नदीवर शिकार करायची तर बोट लागते, इंजिन लागतं, ट्रेलर लागतो. नॉर्थ डकोटातली छोटी-छोटी डबकी किंवा आर्कान्सातली कापणीनंतर पाणी भरून ठेवलेली भातखाचरं यांची गोष्ट वेगळी. तिथं पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत असतं. माणूस चालत जातो. सामान ओढायला मुलं बर्फावर घसरतात तसली प्लॅस्टिकची घसरगाडी पुरते, ती चिखलावरूनही सरकते आणि पाण्यावरही तरंगते.

कुत्र्याचंही तसंच. शिकवलेलं लॅब्राडोर म्हणजे हजारो डॉलर आणि दहा-बारा वर्षांची जबाबदारी. उथळ पाण्यात पडलेलं बदक माणूस स्वतः चालत जाऊन आणू शकतो. आणि आणावंच लागतं. पाडलेला पक्षी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करणं हा तिथं कायदेभंग आहे.

कपड्यांवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि खरं तर तिथंच सगळ्यात कमी घालवायला हवेत. बदकांची नजर तीक्ष्ण असते, रंगही त्यांना उत्तम दिसतात, पण त्यांना आधी दिसते ती हालचाल, आणि वर बघणारा गोरा किंवा घामानं चमकणारा चेहरा. चारशे डॉलरचं जॅकेट घालून आभाळाकडे टकमक बघत बसलेल्या माणसापेक्षा जुनं मातकट स्वेटर, तोंडावर फडकं आणि टोपी खाली ओढून लव्हाळ्यात गप्प बसलेला माणूस जास्त चांगला लपतो. फक्त सुती कपडे नकोत. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जुनं लोकरीचं चालतं.

लपण तयार करायलाही बाजारातून काही आणावं लागत नाही. जिथं बसायचं तिथलंच गवत वापरायचं, कारण शेजारच्या गवताशी मेळ खाणारं गवत कुठलीच कंपनी विकत नाही.

नकली बदकं बारा पुरतात

पाण्यावर नकली बदकं सोडायची, म्हणजे वरून जाणाऱ्यांना वाटतं की खाली मंडळी निवांत चरतायत. याला तिथं डिकॉय म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची बनवलेली नकली बदकं सापडली. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी तळ्याकाठचंच गवत वळून ती केली होती. खर्च शून्य.

आज प्लॅस्टिकची साधी डझनभर मॅलार्ड साधारण ५०-६० डॉलरला मिळतात. महागड्या सेटमध्ये पिसांवरची रेष न् रेष रंगवलेली असते, पण चाळीस फुटांवरून उडणाऱ्या पक्ष्याला त्यानं फारसा फरक पडत नाही. लहान डबक्यावर सहा ते बारा पुरतात. हंगाम संपला की फेब्रुवारीत लोक जुनी विकायला काढतात, तेव्हा घेतली तर आणखी स्वस्त. छिद्र पडलेल्या डिकॉयमध्ये फोम भरला की तो पुन्हा तरंगतो.

खरी मेख मांडणीत आहे. बदकं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं उतरतात. म्हणून वारा पाठीवर घ्यायचा, नकली बदकं समोर आणि मधे उतरायला मोकळी जागा सोडायची. ही मोकळी जागा सोडली नाही तर डझनाऐवजी शंभर डिकॉय टाकूनही पाहुणे घिरट्या घालून निघून जातात.

आणि हालचाल हवी. वारा पडलेल्या सकाळी गोठल्यासारखी स्थिर बदकं बघून खरी बदकं बिचकतात. यावर बाजारातलं उत्तर म्हणजे बॅटरीवर पंख फिरवणारं यंत्र. ते शंभर डॉलरच्या आसपास किंवा वर जातं, शिवाय वॉशिंग्टनसारख्या राज्यात बॅटरीवरचे डिकॉय वापरायला मनाईच आहे. स्वस्तातलं उत्तर म्हणजे एक दोरी. तीन-चार डिकॉय एका दोरीला बांधायचे, पलीकडच्या टोकाला खुंटी आणि रबर, अलीकडचं टोक हातात. अधूनमधून हिसका द्यायचा. पाण्यावर तरंग उठतात. बॅटरी संपण्याची भीती नाही.

बदकाचा आवाज काढायच्या शिट्टीचंही तेच. अ‍ॅक्रिलिकची शिट्टी दीडशे डॉलरला, साध्या प्लॅस्टिकची वीसला. नवशिक्याला दोन पात्यांची प्लॅस्टिकची शिट्टीच सोपी जाते. आर्कान्सातल्या स्टुटगार्ट गावात १९३६ पासून बदकाच्या आवाजाची जागतिक स्पर्धा भरते. तिथं उतरायचं नसेल तर वीस डॉलरचं काम भागतं. कमी वाजवणं हेही एक कौशल्यच.

इथे मात्र हात आखडायचा नाही

पहिली गोष्ट वेडर्स. म्हणजे छातीपर्यंत येणारी, बुटासकट असलेली जलरोधक विजार. निओप्रीनची, साडेतीन मिलिमीटर जाडीची साधी जोडी १००-१५० डॉलरला येते आणि ती उबदारही असते. हजार डॉलरच्या जोडीची गरज नाही. पण तीस डॉलरची पातळ, फिटिंग नसलेली जोडी घेऊन थंड पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. बूट ढिला असला की चिखल तो धरून ठेवतो आणि माणूस तोंडावर पडतो.

वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, असा एक समज आहे. तो खरा नाही. पाण्यात असेपर्यंत आत भरलेल्या पाण्याचा भार खाली ओढत नाही. धोका दुसरा आहे. बर्फासारखं पाणी अंगाला लागताच श्वास अडकतो, हातपाय काही मिनिटांत निकामी होतात आणि भरलेली विजार घेऊन काठावर चढता येत नाही. म्हणून कमरेला बाहेरून घट्ट पट्टा बांधायचा. पडलं तरी पाणी आत एकदम घुसत नाही. पट्टा दहा डॉलरच्या आत येतो, बऱ्याचदा वेडर्सबरोबरच मिळतो, आणि तो गाडीत विसरणारे लोक कमी नाहीत. पुढची जमीन चाचपायला हातात काठी हवी. जुनी जोडी घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून बघायची. छिद्र असेल तिथून उजेड बाहेर येतो.

दुसरी गोष्ट काडतुसं. इथं स्वस्ताच्या मागे लागण्याची किंमत आधी बदकांनीच मोजली आहे. पूर्वी छर्रे शिशाचे असत. शिसं जड, स्वस्त, लांबवर मारा करणारं. पण नेम चुकलेले छर्रे तळ्याच्या चिखलात पडून राहत. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात, ते त्यांच्या पोट्यात साठतात, आपण कलेजी-पोटा म्हणतो त्यातला पोटा. खड्यांबरोबर शिसंही जायचं, तिथं दळलं जायचं आणि पक्षी विषबाधेनं झिजून मरायचा. ज्याच्यावर कुणी बंदूक रोखलीच नव्हती असा. तीच बदकं खाणाऱ्या गरुडांनाही त्याचा फटका बसला. शेवटी १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्‍यांवर देशभर बंदी आली.

आता सगळ्यात स्वस्त कायदेशीर पर्याय पोलादाचा, म्हणजे स्टीलचा. पंचवीस काडतुसांचा डबा साधारण २०-३० डॉलर. बिस्मथ त्याच्या दुप्पट किंवा जास्त, टंगस्टन तर त्याच्याही पुढे. स्टील शिशापेक्षा हलकं असल्यानं त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून छर्रा जरा मोठा घ्यायचा. बदकांसाठी २ किंवा ४ नंबर, आणि नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा. आणि पस्तीस यार्डांपलीकडे बार टाकायचा मोह आवरायचा. त्यापुढे पक्षी पडत नाही, जखमी होऊन कुठेतरी जाऊन मरतो. बदकं जवळ येईपर्यंत थांबता आलं तर महाग काडतुसांची गरजच उरत नाही.

बंदुकीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांसारखी साधी पंप शॉटगन साधारण ४००-५०० डॉलरला मिळते, जुनी त्याहून कमी, आणि ती चिखल-पाणी सहन करते. दोन गोष्टी मात्र तपासायच्या. बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा अडथळा आत बसवलेला असला पाहिजे, हा कायदा आहे. आणि आजोबांच्या काळातली बंदूक असेल तर तिच्या नळीला स्टील चालतं का, हे जाणकाराकडून पाहून घ्यायचं. मऊ शिशासाठी केलेल्या जुन्या नळ्या स्टीलनं खराब होतात.

शेतात पाठीवर झोपून

मका-गव्हाच्या कापलेल्या शेतातही बदकं चरायला उतरतात. तिथं वेडर्स लागत नाहीत, पण लपायला आडोसाही नसतो. म्हणून लोक पाठीवर झोपायच्या खास पेटीवजा लपणात पडून राहतात. ते दीडशे डॉलरपासून पुढे मिळतं. नवं कोरं असेल तर आधी त्यावर चिखल लिंपून चकाकी घालवायची आणि शेतातलीच धसकटं खोचायची. तेही नको असेल तर बांधालगतच्या उंच गवतात बसायचं.

शेतातले पूर्णाकृती डिकॉय महाग असतात. सपाट पत्र्यासारखे, जमिनीत खोचायचे कटआउट त्याच्या अंशात येतात. टेक्सासच्या भातशेतांमध्ये तर पांढऱ्या हंसांना बोलवायला लोक नुसत्या पांढऱ्या चिंध्या अंथरायचे, आणि हंस यायचे.

शेतात एक चूक भलतीच महागात पडते. नेहमीच्या पद्धतीनं कापणी होऊन सांडलेल्या दाण्यांवर शिकार चालते. मुद्दाम दाणे टाकलेल्या शेतात चालत नाही, आणि दाणे उचलल्यावरही दहा दिवस ते शेत बंद. दाणे दुसऱ्यानं टाकले होते, ही सबब सहसा टिकत नाही. म्हणून शेतमालकाची परवानगी घेतानाच हे विचारून घेतलेलं बरं.

२५ डॉलरचं तिकीट

पंप बंदूक, वेडर्स, डझनभर डिकॉय, शिट्टी, दोन डबे काडतुसं आणि दोरी, सगळं मिळून साधारण आठशे डॉलरच्या आत बसतं. वर राज्याचा परवाना, त्याचं शुल्क राज्यागणिक बदलतं. आणि १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला लागणारं केंद्र सरकारचं डक स्टॅम्प, किंमत २५ डॉलर.

१९३४ मध्ये, देशात दुष्काळ आणि मंदी असताना हे तिकीट सुरू झालं, तेव्हा ते १ डॉलरचं होतं. पहिलं चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं. तिकिटाच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत किंवा भाड्यानं घेऊन राखायला जातात. आतापर्यंत यातून साधारण ६० लाख एकर जमीन वाचली आहे. यातल्या बऱ्याच जमिनी, उदाहरणार्थ डकोटामधली सरकारी डबकी, सर्वसामान्यांना शिकारीसाठी फुकट खुल्या असतात. ज्याच्याकडे स्वतःचं शेत नाही, क्लबचं सभासदत्व परवडत नाही, त्याला बसायला जागा या तिकिटातून मिळते. बंदुकीला हात न लावणारे पक्षीनिरीक्षकही ते विकत घेतात. त्यावर प्रवेश शुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत मोफत जाता येतं.

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक मुद्दा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. बहुतेक राज्यांत तो परवाना घेण्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो आणि राज्यांचे स्वतःचे बंदुकीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे मित्राची बंदूक नुसती हातात घेण्याआधीही राज्याच्या वन्यजीव खात्याची वेबसाइट आणि गरज पडल्यास वकील, दोन्हीकडे विचारणा करावी. ज्याला बंदूकच नको, त्यानं फक्त तिकीट, वेडर्स आणि दुर्बीण घेतली तरी चालतं. पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, आणि थापट्या या नाशिककडे हिवाळ्यात दिसणाऱ्या जाती तिथल्या डबक्यांतही असतात.

कागदी तिकीट घेतलं तर त्यावर शाईनं आडवी सही करायला विसरू नये. सही नसलेलं तिकीट शिकारीसाठी वैध धरलं जात नाही.