आमच्या प्रभागाचा अहवाल

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कशाकशासाठी येतात याची यादी करायची म्हटली तर लग्नपत्रिकेपासून सुरुवात करावी लागेल. मानपत्रे झाली, श्रद्धांजल्या झाल्या, गणेश मंडळाची वर्गणीची आवाहनेही आमच्या हातून गेली. नगरसेवकाचा 'कार्य-अहवाल' तपासण्याचा योग मात्र 2018 सालच्या दिवाळीत प्रथम आला. नगरसेवक आमचाच जुना विद्यार्थी. त्याचे आणि शहराचे नाव सांगत नाही. वाचकांनी आपल्या शहराचे घातले तरी चालेल.

"सर, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे बघा," तो म्हणाला.

ऱ्हस्व-दीर्घ बघितले. पण खटकले ते निराळेच. बाकडी बसविण्यात आली, फरशा टाकण्यात आल्या, प्रश्न मार्गी लावण्यात आले. चोवीस पानांत कर्ता म्हणून सापडेना! तो होता फक्त छायाचित्रांत, नारळ फोडताना.

आणि खालच्या आळीचा उल्लेख कोठेच नव्हता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकू तेथे राहतात. दर पावसाळ्यात ड्रेनेजचे झाकण उचलले जाते आणि घाण पाणी घरात शिरते. जून लागला की काकू पलंगाखाली विटा रचतात.

"ते काम झालंच नाही सर, मग अहवालात कसं घालू?" तो प्रांजळपणे म्हणाला. "वरच्या अंगाला सोसायट्या उठल्या, खाली नळ तोच जुना. तो बदलायचा तर मुख्य रस्ता खणावा लागतो. रस्त्याचं खातं वेगळं, ड्रेनेजचं वेगळं. खर्च माझ्या निधीत बसत नाही. बाकडी बसतात."

बाकड्यांचे रहस्य मला त्या दिवशी कळले. शिवाय मुंबई सोडली तर आपल्या महापालिकांत एका प्रभागात बहुधा चार सभासद. नारळ फोडायला चौघे हजर. तुंबलेल्या गटाराशी मात्र प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवणार.

सभासदाचे काम मोजायचे कसे? महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये उधळण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटे. आजच्या अहवालाच्या कोणत्या रकान्यात हे बसवायचे? तेथे बसविण्यासारखे काहीच नव्हते. होता तो नकार.

पुढे मार्च 2022 आला. मुंबईच्या सभागृहाची मुदत 7 तारखेला संपली, पुण्याची 14 तारखेला, आणि मागोमाग इतरांची. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे घटना सांगते. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आहे. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात राहिले आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडायचे त्यांनी, मंजूर करायचेही त्यांनीच; सूचकही तेच आणि अनुमोदकही तेच. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले.

खरे सांगायचे तर पहिले काही महिने मला बरेच वाटले. फलक गेले, वाढदिवसांच्या शुभेच्छा गेल्या. मग पाऊस आला. काकूंच्या वतीने मी मोबाइलवरून तक्रार नोंदवली. क्रमांक तत्काळ मिळाला. तिसऱ्या दिवशी संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' पुन्हा तेच 'करण्यात आले'! त्या वेळी काकूंच्या घरात पाणी घोट्यापर्यंत होते.

पूर्वी काकू सरळ नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला चार शब्द सुनवीत. तो ऐकून घेई, चहा विचारी आणि निदान उपसायला गाडी तरी पाठवी. आता तो 'माजी' झाला होता. "सर, अधिकारी माझा फोन उचलत नाहीत," एवढेच म्हणाला. प्रशासकालाही दार असते. पण तेथे शिपाई असतो, आणि काकूंनी पाच वर्षांनी मागायचे मत त्यांच्या हाती नसते.

2026 मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि यंदा नव्या अहवालाचे बाड घेऊन हजर झाला. मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मथळा लिहिला, 'न झालेली कामे'. खाली पहिली ओळ, 'खालची आळी'. पुढे दोन रकाने आखले: कोठे अडले, का अडले.

"सर, विरोधक हेच पान सभेत वाचून दाखवतील."

"दाखवू देत. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत."

पंधरा दिवसांनी छापील प्रत आली. मथळा बदलून 'प्रस्तावित कामे' करण्यात आला होता. करणाऱ्याचा पत्ता मला ठाऊक आहे. पण आळीची ओळ होती आणि कारणही होते, 'निधी अपुरा. रस्ता खोदाईची परवानगी प्रलंबित'. काकूंनी ते मला दोनदा वाचायला लावले. मग कात्रीने पान कापून, घडी करून पिशवीत ठेवले.

"उद्या उशीर होईल हो सर यायला," त्या म्हणाल्या, "आधी त्याच्या दारात जाऊन येते."