चिखलोलीची हद्द आणि मताचं वजन

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. इथलं नवं रेल्वे स्थानक मंजूर झालंय आणि भोवती इमारती उभ्या राहताहेत. याच टापूत दोन मतदारसंघ एकमेकांना भिडतात. अंबरनाथ शहर अंबरनाथ विधानसभेत आणि कल्याण लोकसभेत येतं. बदलापूर मात्र माळशेज घाटापर्यंत पसरलेल्या मुरबाड मतदारसंघात, म्हणजे भिवंडी लोकसभेत. रोज एकाच लोकलला लटकणाऱ्या शेजाऱ्यांचे आमदारही वेगळे आणि खासदारही.

या हद्दीमागे एक भागाकार आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख होती आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने शक्यतो दहा टक्क्यांच्या आत-बाहेर राहून मतदारसंघ आखले आणि ते २००८ मध्ये लागू झाले. एकट्या मुरबाड तालुक्यात तेवढी माणसं नव्हती; ती बेरीज पुरी करण्यात बदलापूरचा वाटा मोठा.

पण माणसं थांबत नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. शेजारचं उल्हासनगर जेमतेम ७ टक्के, अंबरनाथ २४ आणि बदलापूर तब्बल ७८ टक्के! मतदारसंघ लागू झाले तेव्हाच त्यांचा हिशेब सात वर्षांनी शिळा होता. ब्रिटनमध्ये दर आठ वर्षांनी फेरआखणी होते आणि मोजके अपवाद सोडले तर पाच टक्क्यांचीच मुभा असते. आपल्याकडे ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर ढकलली.

लोकसंख्येने सारखे मतदारसंघ आखण्याची किंमत दक्षिण कोकणाने मोजली, हे मान्य करायलाच हवं. २००८ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ वरून २४ झाले. रत्नागिरीचे सातावरून पाच झाले. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच उरले नाहीत. डोंगरातल्या वाडीपासून आमदार आणखी लांब गेला. तरीही मला वाटतं, मत माणसामागेच जायला हवं. खेडहून बदलापूरला बिऱ्हाड हलवलेल्या माणसाच्या मताचं वजन घटावं, याला काहीच आधार नाही. दुर्गम भागाला निधी आणि कार्यालयं जास्त द्या, मतं नकोत.

आयोग आधी मसुदा राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेश निघाला की घटनेच्या कलम ३२९ मुळे न्यायालयाचा दरवाजा जवळपास बंदच होतो. पुढची आखणी सुरू होईल तेव्हा चिखलोलीच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी आपली हरकत मसुद्याच्या टप्प्यावरच नोंदवायला हवी.