अंगणातला गावठी गुलाब

गावोगाव जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. चांगलेच आहे. पण पाया खणताना न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले गुलाबाचे जुने झुडूप कुदळीखाली जाते. "नर्सरीतून दुसरे आणू," म्हणतात. तेच मिळत नाही हो! तिथे मिळतो तो बहुधा लांब दांड्याचा, टोकदार कळीचा हायब्रिड टी. या घराण्याची सुरुवात १८६७ सालच्या 'ला फ्रान्स'पासून धरतात. दिसायला देखणा, पण कित्येक जातींना वास बेताचाच.

आपण मात्र सगळ्याच जुन्या झुडपांना 'गावठी' म्हणून मोकळे होतो. जरा निरखून पाहावे. वर्षातून एकदाच, चैत्राच्या आसपास फुलतो, पान करडट हिरवे, खालून लवदार, काटे लहानमोठे नि दाट, असा असेल तर तो दमास्क. राजस्थानातला चैती गुलाब तो हाच, आणि कनौजचे अत्तरही याचेच. एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात! गुलाबी, भरगच्च नि वर्षातून अनेकदा फुलणारा असेल तर बहुधा एडवर्ड. त्याचे बूर्बों घराणे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे. तिथून दोनशे वर्षांपूर्वी त्याचे बी फ्रान्सला गेले.

एक ठकवणारा प्रकारही आहे. डोळा भरलेले कलम वरून मरते आणि खालच्या खुंटाचे फुटवे जोर धरतात. झुपक्याने बारीक, फिकी फुले येऊ लागली की लोक म्हणतात, गुलाब बिघडला. बिघडला नाही, तो खुंटच आहे. असले फुटवे दिसताच मुळापासून काढावेत.

जुन्या झुडपाचे बेणे करणे आपल्या सभासदांना काय शिकवावे? फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. वीतभर, तीन-चार डोळ्यांची काडी करावी, खालचा काप डोळ्यालगत तिरपा. उसासारखी आडवी नव्हे, उभी लावायची. दोन डोळे मातीत, तोंड वर. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीत हे काम सोपे. पण घर उन्हाळ्यात पाडायचे असेल तर वाट पाहू नये. सावलीत, ओलसर वाळू-मातीत दहा-बारा काड्या लावाव्यात. सगळ्या जगत नाहीत. दीड-दोन महिन्यांत मुळ्या धरतात.

गुलकंदाला असल्याच, औषध न मारलेल्या पाकळ्या घ्याव्यात. किलोला किलोभर साखर, बरणीत थरावर थर, आणि उन्हात काही आठवडे. साखर तर घरचीच आहे.