चार मिनिटांच्या गाण्याची कागदपत्रं

समजा, हिंगणीतल्या चार पोट्ट्यांनी रॉक बँड काढला. सेलू तालुक्यातलं, बोरच्या जंगलाच्या वाटेवरचं हे गाव. मोठा आवाज म्हणजे लग्नसराईतला डीजे, नाहीतर भजनी मंडळाची खंजिरी. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट, शब्द मराठी. अल्बमची ऐपत नाही म्हणून एकच गाणं काढायचं. बँडवाले त्याला सिंगल म्हणतात. हे गाणं हिंगणीतून निघून नाशिकच्या कुणाच्या कानात कसं शिरतं आणि त्याचे पैसे उलट वाटेनं कसे येतात, किंवा बहुतेकदा कसे येत नाहीत, ते पाहू.

आधी एक जुनं गाणं. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, गायला पुढे उदय बेनेगल. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. यांनी स्वतःची गाणी लिहिली, १९८८ साली पहिला अल्बम काढला, १९९० साली दुसरा. त्या दुसऱ्यातल्या ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ झाला आणि वेळ अचूक साधली गेली. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आशिया भारतावरच्या आकाशात आला होता. केबलवाल्याची छत्री असलेल्या घरात हे गाणं परदेशी बँडांच्या रांगेत दिसू लागलं. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. त्याच वर्षी अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघालं. मुंबई-दिल्लीबाहेरच्या एका शहरातून देशभरच्या बँडांची दखल घेतली जाऊ लागली, ही गोष्ट मला त्या काळातल्या सगळ्या झगमगाटापेक्षा मोलाची वाटते.

त्या काळी अडचण दारातच होती. स्टुडिओ महाग, कॅसेट कंपनी हो म्हणेल तरच कॅसेट, वाहिनी हो म्हणेल तरच पडदा. विदर्भातल्या भीमगीतवाल्यांनी आणि भजनवाल्यांनी या दाराला आपल्यापुरता वळसा घातला होता. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत कॅसेटींचे स्टॉल लागत आणि तिथे थेट श्रोता भेटे. इथल्या रॉकवाल्यांना असा मेळा नव्हता. आता दार सताड उघडं आहे. म्हणूनच अडचण आत सरकली आहे.

आपल्या चौघांचं रेकॉर्डिंग घ्या. बेस आणि गिटार तारेनं थेट छोट्या ऑडिओ इंटरफेसला जोडता येतात. अँप्लिफायरचा आवाज सॉफ्टवेअर काढून देतं. गायकाच्या कंडेन्सर माइकला इंटरफेसमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा जातो. सगळे एका ठोक्यावर राहावेत म्हणून कानात मेट्रोनोमची टिकटिक, म्हणजे क्लिक. ती लावली की प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी वाजवता येतं. न लावली तर नंतर एक चूक दुरुस्त करायला चौघांना पुन्हा बसावं लागतं.

खरा शत्रू खोली. सिमेंटच्या भिंती आणि वर टिनाचं छप्पर असेल तर आवाज चारी बाजूंनी परत येऊन माइकवर आदळतो, आणि एकदा रेकॉर्डमध्ये शिरलेला घुमारा नंतर धड काढता येत नाही. त्यावर महागडा फोम लागतो असं नाही. कापसाच्या गाद्या गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या केल्या की मधला-वरचा आवाज बऱ्यापैकी शोषला जातो. कापसाच्या मुलखात एवढी सोय असायचीच. खालच्या पट्टीचा, बेसचा घुमारा मात्र गादीला जुमानत नाही. त्याला फार जाड थर लागतो. मे महिन्यात आणखी एक पेच: कूलर चालू ठेवला तर गाण्यात घरघर येते, बंद केला तर गायकाचा घसा दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकत नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे गावं, याला पर्याय नाही.

ड्रम घरी होत नाहीत. किक, स्नेअर, टॉम आणि झांजांवरचे दोन माइक धरले तरी सात-आठ माइक एकाच वेळी लागतात. तेवढे दिवसभरापुरते नागपूरच्या स्टुडिओत मिळतात, नाहीतर संगणकातले तयार ठोके वापरायचे. पैसे एकाच दिवसाच्या स्टुडिओपुरते असतील तर ते ड्रमवर घालावेत असं माझं मत. रॉक गाण्यात गिटार खोटी चालून जाते, स्नेअर नाही.

मग मिक्सिंग. इथे एक गोष्ट नवख्या बँडला उशिरा कळते. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका. म्हणजे बहुतेक श्रोते बेसचा मूळ सूर कधी ऐकतच नाहीत. ते त्याच्या वरचे उपसूर ऐकतात आणि उरलेलं मेंदू भरून काढतो. म्हणून मिक्स करणारा बेसला थोडी खरखर देतो, म्हणजे ते उपसूर ठळक होतात. तयार गाणं फोनवर, हेडफोनवर आणि कुणाच्या तरी गाडीत वाजवून पाहायचं. मिक्स करणारा जवळच असावा असंही आता नाही: इंडस क्रीड पुन्हा एकत्र आल्यावर त्यांचा २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम टिम पामर या इंग्रज निर्मात्यानं मिक्स केला. फाइली इंटरनेटवरून जातात; त्या मुंबईहून निघाल्या की हिंगणीहून, मिक्स करणाऱ्याला फरक पडत नाही.

शेवटचा हात मास्टरिंगचा. ‘आपलं गाणं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं वाजलं पाहिजे’ हा हट्ट इथे सोडावा. स्पॉटिफाय सगळी गाणी आवाजाच्या साधारण उणे १४ एलयूएफएस या एकाच पातळीवर आणून वाजवतं. दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि दाबल्याचा चपटेपणा तेवढा शिल्लक राहतो.

इथवर चौघं उत्साहानं येतात. पुढची कागदपत्रं कुणालाच नको असतात आणि गाणी बहुतेक तिथेच बुडतात.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो: आधी देश, मग नोंदणी करणारा, वर्ष आणि अनुक्रमांक. भारतात ही व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. छोट्या बँडला तो वितरकाकडूनही मिळतो. जगात कुठेही गाणं वाजलं तर मोजणी या क्रमांकावर होते. आणि एका गाण्यात मालमत्ता दोन असतात. एक ध्वनिमुद्रण, जे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून करवून घेतलं त्याचं. दुसरी शब्द आणि चाल, ती लिहिणाऱ्याची, रचणाऱ्याची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार-संगीतकारानं हक्क कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्याला सोडता येत नाही. तो गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासूनची. तिचं सभासदत्व घेतलं नाही, तर तो वाटा तुमच्या दारी पोचवणार कोण?

चौघांत शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, हे गाणं बाहेर पडायच्या आधी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. मैत्री आहे तेव्हाच हे जमतं.

दुसऱ्याचे शब्द घ्यायचे झाले तर? तुकारामाचा अभंग खुशाल घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन मात्र तसं नाही. महाराज १९६८ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे हक्क २०२८ अखेरपर्यंत चालतात. तोवर रॉक चालीवर खंजिरी वाजवायची तर हक्कदाराची परवानगी हवी.

आता गाणं बाहेर. वितरक ते सगळ्या अॅपवर पोचवतो, वर्षाची फी किंवा उत्पन्नातला हिस्सा घेऊन. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांना ते निदान सात दिवस आधी दाखवावं; आज मास्टर आणि उद्या प्रकाशन अशी घाई केली की ती संधी गेली. तिथे तीस सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम. त्यामुळे मिनिटभर गिटारच गुणगुणत राहते अशी सुरुवात आता धाडसाची. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाचा पैसाच मिळत नाही. हजार झाले तरी दर ठरलेला नसतो: महिन्याचा गल्ला एकत्र होतो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढे त्याचे पैसे. तुमच्या मावसभावानं वर्गणी भरून महिनाभर तुमचंच गाणं ऐकलं, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग ज्यांची गाणी देशभर वाजतात त्यांच्याकडे जातो.

म्हणून आकडा पाहण्यापेक्षा लोक गाणं कुठे सोडतात ते पाहावं. पहिल्या कडव्याआधीच निम्मे गेले तर दोष जाहिरातीचा नाही. वर्ध्याच्या किंवा सेवाग्रामच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते एकदा वाजवून पाहिलं, तर धृपद दुसऱ्यांदा आल्यावर मुलं सोबत म्हणतात की मोबाइल काढतात, यावरून जे कळतं ते कुठल्याही अॅपच्या आलेखातून कळत नाही.

गाणं खरंच चाललं तर ते शेवटी डीजेकडे पोचणार. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे; तिथे गाणं वाजवायला परवाना लागत नाही. तेव्हा सेलूपासून हिंगणीपर्यंत एका सीझनमध्ये प्रत्येक वरात याच गाण्यावर नाचली, तरी त्या वाजण्याचा एक रुपयाही चौघांच्या हिशेबात येणार नाही. पुढच्या सीझनला त्याच मांडवात स्वतः वाजवायची सुपारी मिळाली, तर ती मात्र रोखीची.