ताप फॅरनहाइटमध्ये, थंडी सेल्सिअसमध्ये

आपल्या नामपूरला, मोसम खोऱ्यात, डाळिंब-द्राक्षवाले थंडीचा पारा सेल्सिअसमध्ये बोलतात; पण घरात कुणाला ताप आला की १०२ म्हणतात, तो फॅरनहाइट. बदलायचं कसं? सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ३९ ची दुप्पट ७८, वजा ७.८, उरले ७०.२; अधिक ३२ म्हणजे १०२.२. अगदी अचूक! उलट जाताना आधी ३२ वजा करा, मग १.८ ने भागा.

फरक मोजताना मात्र ३२ मध्ये आणूच नका. रात्रीतून पारा ५ अंश सेल्सिअसने उतरला, तर फॅरनहाइटमध्ये तो ९ अंशांनी उतरतो, ४१ ने नव्हे. गफलत होते ती इथेच.

बाळाचा ताप डॉक्टरांना फोनवर कळवताना आकड्यासोबत मापही सांगा.