एकाच बाकावरची पोरं, खेळाचा गट मात्र वेगळा! जन्मसालाचा हिशेब वेळीच करा, नाहीतर बारावीचं वर्ष हातचं जाईल

आणे (ता. जुन्नर) : पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांत तालुका क्रीडा स्पर्धांची गडबड चालू होते. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी या पठारावरच्या गावांतली पोरंपोरी कबड्डी, खो-खो, फुटबॉलच्या संघात नाव लागावं म्हणून झटतात. मग एखाद्या घरात हमखास प्रश्न निघतो. दोघं आठवीत, एकाच बाकावर बसतात. मग एकाला १४ च्या गटात घेतलं आणि आपल्या पोराला १७ च्या, असं का?

यात सरांची चूक नसते. खेळाचा गट इयत्तेवरून ठरत नाही, जन्मसालावरून ठरतो. हा हिशेब पालकांना आधीच माहीत असला तर पुढे कॉलेज प्रवेशाच्या वेळी होणारी पंचाईत टळते.

गट कसा ठरतो?

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला खेळाडूचं वय गटाच्या आत असावं लागतं. म्हणजे १ जानेवारी ही हद्द झाली.

२०२५-२६ या वर्षाचं उदाहरण घ्या. १४ च्या गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ ला किंवा त्यानंतर झालेला हवा. १७ साठी १ जानेवारी २००९ आणि १९ साठी १ जानेवारी २००७. पुढच्या प्रत्येक वर्षी ही तारीख एका वर्षाने पुढे सरकते.

आता आठवीतली दोन मुलं बघा. एकाचा जन्म नोव्हेंबर २०११ चा, दुसऱ्याचा जानेवारी २०१२ चा. फरक जेमतेम दोन महिन्यांचा. पण जानेवारीवाला १४ च्या गटात सगळ्यात मोठा, तर नोव्हेंबरवाला १७ च्या गटात सगळ्यात लहान. त्याच्यासमोर २००९ साली जन्मलेली, अंगाने भरलेली मुलं उभी राहतात. पोरगं संघाबाहेर बसलं म्हणजे ते कच्चं आहे असं नाही, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावं. अशी ताटातूट आठवीत आणि पुन्हा अकरावीत होते.

वर्ष वाया गेलं तर?

काही पालक म्हणतात, पोरगं जरा थोराड होऊ दे, एक वर्ष उशिरा शाळेत घालू. खेळाच्या दृष्टीने याचा काडीचा फायदा नाही. वर्ग बदलला तरी जन्मसाल तेच राहतं, त्यामुळे गटही तोच राहतो. उलट शेवटी नुकसान होतं.

वरचीच दोन मुलं पुन्हा घेऊ. एकही वर्ष न चुकता शिकली तर दोघंही २०२९-३० मध्ये बारावीत असतील आणि दोघांनाही १९ च्या गटात खेळता येईल. पण नापास झाल्याने, आजारपणाने किंवा घरच्या कामापायी दोघांचंही एक वर्ष गेलं, तर बारावी २०३०-३१ मध्ये येईल. त्या वर्षीची हद्द १ जानेवारी २०१२. जानेवारीवाला बसतो, नोव्हेंबरवाला बाहेर. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचं एक वर्ष गेलं, तर बारावीत शाळेकडून मैदानात उतरायची संधीही गेली.

कॉलेजला याचा काय संबंध?

संबंध प्रमाणपत्राचा आहे. दहावी-बारावीच्या खेळाडूंना कामगिरीच्या पातळीप्रमाणे बोर्डाच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. जिल्हा पातळीला ५ पासून सुरुवात होते आणि आंतरराष्ट्रीय पातळीला जास्तीत जास्त २५ गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो.

अकरावी प्रवेशात खेळाडूंसाठी समांतर आरक्षण आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या मुलांनाही अर्ज भरतानाच हा पर्याय बघावा लागतो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि जन्मतारखेसह सगळी कागदं तपासली जातात.

गावोगावच्या ‘चषक’ स्पर्धांत ढाल मिळते, बक्षीस मिळतं, नावही होतं. पण तिथलं प्रमाणपत्र या सवलतींना चालत नाही. शासनाच्या शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धाच धरल्या जातात.

बारावीनंतर शिडी बदलते. जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. इथे आधी आंतरमहाविद्यालयीन आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा २५ वर्षांपर्यंत आहे. साडेसतरा वर्षांचा नवखा मुलगा थेट चोवीस वर्षांच्या खेळाडूसमोर येतो. म्हणून पहिल्या वर्षी निवड झाली नाही तरी खेळ सोडू नये. पुढे पाच-सहा वर्षं हातात असतात. शाळेच्या १९ च्या गटात १९ पूर्ण झालेल्याला जागा नसते, विद्यापीठात मात्र असते.

अमेरिकेतही हाच घोळ

तिकडे मुलांच्या फुटबॉल क्लबमध्ये जन्मसालावर गट पाडत होते. एका वर्गातले मित्र दोन संघांत विभागले जायचे. कॉलेजचे प्रशिक्षक मात्र मुलगा बारावी कधी पास होणार, हे बघून खेळाडू निवडतात. शेवटी तिथल्या मोठ्या संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं शाळेच्या वर्षाला जुळणारं वय धरायचं ठरवलं. आपल्याकडे १ जानेवारीचीच हद्द आहे, त्यामुळे हिशेब पालकांनाच करायचा आहे.

‘१ जून’चा वाढदिवस नडतो

खेड्यात कितीतरी जणांचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली ही तारीख. आता जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते, म्हणून हा प्रकार कमी झाला. तरी जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरी, असं असेल तर खेळाडू अडकतो. लवकर शाळेत घालायचं म्हणून जानेवारी २०१२ चा जन्म २०११ चा दाखवला, तर पोराचं खेळातलं एक आख्खं वर्ष कमी झालं.

वय कमी दाखवणं तर त्याहून वाईट. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरोधात राष्ट्रीय संहिता आणली. शंका आली तर दात, शरीर आणि हाडांचा एक्स-रे अशी तपासणी होऊ शकते. एकाचं खोटं उघडं पडलं तर अख्खा संघ बाद होण्याची वेळ येते. नऊ-दहा प्रामाणिक पोरांची मेहनत पाण्यात जाते.

पालकांनी काय करावं?

– जन्मदाखला, आधार आणि शाळेचा निर्गम उतारा शेजारी शेजारी ठेवून तारीख जुळते का बघा.
– चूक असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. दुरुस्तीला शिक्षण विभागाची मंजुरी लागते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते.
– मूल कोणत्या वर्षी १४, १७ आणि १९ च्या गटातून बाहेर पडेल ते वहीत लिहून ठेवा.
– प्रत्येक अधिकृत स्पर्धेचं प्रमाणपत्र मागून घ्या, नाव आणि जन्मतारीख तपासा, फोटो काढून ठेवा.
– सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव गेला का, हे परीक्षेआधी क्रीडा शिक्षकांना विचारा.

मैदानावरचा घाम पोराचा असतो, कागदाची काळजी मात्र घरच्यांनीच घ्यायची असते.